गंगेत घोडं न्हालं

(नाशिक येथे गोदाकाठी दिलेल्या स्मृती व्याख्यानाचे शब्दांकन)



निमंत्रणपत्रिकेत छापलंय, 'मालेचे तिसरे पुष्प गुंफतील', आणि पुढे माझं नाव. ही पत्रिका पर्समध्ये घेऊनच मी परवा फुलबाजारात गेले होते. नेहमीच्या फुलवाल्या मावशींना म्हटलं, 'मावशी, मला एक पुष्प गुंफायचंय.' त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या दोऱ्याकडे. म्हणाल्या, 'बाई, हार ओवतात, गजरा बांधतात, वेणी गुंफतात. एक फूल कसं गुंफणार तुम्ही? गुंफायला दुसरं फूल लागतंच ना!' मी गप्प बसले. छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, शेकडो पत्रिका वाचल्या, पण ही अडचण कधी लक्षात आली नव्हती. तेव्हा दुसरं फूल तुम्ही, असं समजून सुरुवात करते.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना व्यासपीठावरून नाव घेतलेलं आवडत नसे. म्हणून मी नुसतं 'सर' म्हणेन. मी नोकरीला लागले तेव्हा ते आमचे मुख्याध्यापक होते. त्यांची एक खोड होती. शिक्षकखोलीत कुणी बोलता बोलता वाक्प्रचार वापरला की ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, 'शब्दशः?' म्हणजे, त्यात नेमकं काय घडतंय ते सांगा. कुणी म्हणालं, 'पगारवाढीचा प्रस्ताव बासनात गेला', तर सर विचारायचे, 'बासन पाहिलंय का?' आम्ही कुणीच पाहिलेलं नसायचं. जुनी दप्तरं ज्या फडक्यात बांधून ठेवत ते फडकं म्हणजे बासन. एकदा गाठ मारली की आत काय आहे ते बाहेरून कळत नाही आणि गाठ सोडायला कुणी रिकामं नसतं. प्रस्तावाचं पुढे काय होणार, हे त्या फडक्यातच आलं.

आता माझ्या एका पापाची कबुली. आठवीचा पेपर, 'पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा', प्रत्येकी दोन गुण. वाक्प्रचार होता 'घोंगडं भिजत पडणे'. एका मुलानं लिहिलं, 'दादांचे घोंगडे पावसात भिजत पडले व तीन दिवस वाळले नाही.' मी लाल पेनानं शून्य दिलं आणि बाजूला लिहिलं, 'शब्दशः अर्थ नको.' मुलगा धनगराचा. पालकसभेला त्याचे वडील आले, तेही खांद्यावर घोंगडं घेऊनच. भांडायला आले नव्हते. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. म्हणाले, 'बाई, पोराचं चुकलं कुठं? भिजलेलं घोंगडं एकट्याला पिळता येत नाही. लई जड होतं. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं, आणि उलटा पीळ द्यायचा. दुसरा माणूस भेटला नाही तर ते तसंच पडतं.'

मी वर्गात सांगत आले होते, काम रेंगाळणे. तोवर मला वाटायचं, लोकर सुकायला वेळ लागतो, एवढाच त्याचा संबंध. कारण त्याहून नेमकं निघालं: दुसरं टोक धरायला माणूस नाही. कुठल्याही कचेरीत अडलेली फाईल उघडून बघा, एक सही झालेली असते, दुसरी व्हायची असते. सरांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, 'मार्क वाढवले का?' नव्हते वाढवले. निकाल लागून गेला होता.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ हवा असेल तर कोशाआधी ते काम करणाऱ्या माणसाकडे जायचं. कोशांबद्दल माझ्या मनात अनादर नाही. दाते आणि कर्वे यांनी 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'चे दोन खंड केले, पहिला १९४२ साली, दुसरा १९४७ साली. युद्धाच्या दिवसांत, कागद मिळायची मारामार असताना, दोन माणसं वाक्प्रचार गोळा करत बसली होती, हे आठवलं तरी मला हात जोडावेसे वाटतात. पण कोश अर्थ देतो. पीळ कसा द्यायचा ते तो सांगत नाही.

आपण इथे गंगेच्या काठावर बसलो आहोत. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगते, नाशिककर गोदावरीला घरात 'गंगा' म्हणतो. 'कुठे निघालात?' 'गंगेवर.' त्यामुळे पाण्याचे वाक्प्रचार इथे वेगळे ऐकू येतात. 'डोक्यावरून पाणी गेलं' हे पुण्यातला माणूस सुनेच्या खर्चाबद्दल बोलेल. नाशिकमध्ये पावसाळ्यात कुणी असं म्हणालं तर पहिला प्रश्न येतो, 'कुणाच्या? मारुतीच्या?' दुतोंड्या मारुती ही आपली पूर मोजायची पट्टी. गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं, बुडाला. क्युसेकचा आकडा पाटबंधारे खात्याकडे असतो. भांडीबाजारातला दुकानदार आकडा विचारत नाही. 'कमरेला' ऐकलं की तो खालच्या फळीवरचा माल वर चढवायला लागतो. जुनी माणसं त्याहून पुढे जाऊन नारोशंकर मंदिराच्या घंटेचं नाव काढतात. १९६९, २००८, २०१६, २०१९ ही वर्षं आपल्याकडे एखाद्या घरातल्या जन्मसालांसारखी सांगतात.

आणि 'पाणी सोडणे'. वर्गात अर्थ सांगायचा, 'आशा सोडून देणे, त्याग करणे'. तो येतो दानाच्या विधीतून. वस्तूवर तुळशीपत्र ठेवायचं, हातावरून उदक सोडायचं आणि म्हणायचं, 'न मम', हे माझं नाही. रामकुंडावर रोज कुणी ना कुणी वडिलांच्या, आजीच्या नावानं ओंजळीतलं पाणी सोडत असतं. तिथून थोडं वर गंगापूर धरण आहे. तिथेही पाणी सोडतात आणि त्यावरून मोर्चे निघतात. २००५ च्या कायद्यातून पुढे नियम असा झाला की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर नाशिक आणि नगरच्या धरणांतून पाणी खाली द्यायचं. अशा वर्षी वर्तमानपत्रात मथळा येतो, 'अखेर पाणी सोडले', आणि निफाडचा शेतकरी तो मथळा दोन्ही अर्थांनी वाचतो. त्याच्या द्राक्षबागेचं आवर्तन गेलं, म्हणजे त्यानं त्या पाण्यावर पाणी सोडलं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला विचाराल तर त्याचा उच्चारच वेगळा असेल आणि त्यालाही कारण आहे. मला यातला कोण बरोबर ते ठरवायचं नाही, माझा तो अधिकारही नाही. पण 'पाणी सोडणे' या क्रियेचा प्राण 'न मम' या दोन शब्दांत आहे. रामकुंडावर सोडणारा ते म्हणतो. धरणावर दोन्ही बाजूंना कुणीच म्हणत नाही. म्हणून रामकुंडावरचं काम दोन मिनिटांत आटोपतं आणि धरणावरचं घोंगडं भिजत राहतं.

आनंदवल्लीचा थांबा तुमच्यापैकी अनेकांच्या रोजच्या रस्त्यावर असेल. आधी चौंधस नावाचं गाव. राघोबादादांनी तिथे वाडा बांधला आणि पत्नीच्या नावावरून गाव आनंदवल्ली झालं. त्याच आनंदीबाईच्या नावावर मराठीनं एक वाक्प्रचार चढवून ठेवलाय, 'ध चा मा करणे'. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. कथा अशी की हुकमात 'धरावे' होतं आणि आनंदीबाईनं ते 'मारावे' केलं. रामशास्त्र्यांनी दोषी कुणाला धरलं? राघोबादादांना. प्रायश्चित्त सांगितलं तेही त्यांनाच. गादीवर कोण बसलं? तेच. पण भाषेचा निवाडा बघा. नवऱ्याच्या वाट्याला 'राघोभरारी' आली, १७५८ च्या मोहिमेमुळे 'अटकेपार झेंडे' आले. बायकोच्या वाट्याला एक अक्षर खोडल्याचा आरोप आला, तो अडीचशे वर्षं चालू आहे. आजही एखादी सून जरा हिशेबी निघाली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, 'आनंदीबाई आहे नुसती.' आनंदवल्लीला राहणाऱ्या एका विद्यार्थिनीनं मला विचारलं होतं, 'बाई, मग आमच्या गावाचं नाव शिवी आहे का?' मी तेव्हा विषय बदलला. आज बदलणार नाही. कागदावरची खाडाखोड हे कारकुनाचं काम. कारकुनी चुकीच्या वाक्प्रचाराला बाईचा चेहरा का लागला, हा प्रश्न मी इतिहासाच्या शिक्षकांकडे सोपवते, पण विचारून सोपवते.

स्वयंपाकघरात यावं म्हणते, तिथे मी जरा जास्त वेळ रेंगाळेन. एप्रिल २०२३ मध्ये शरद पवारांनी भाकरी फिरवण्याची भाषा केली. मग २ मे रोजी पक्षाचं अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि तीन दिवसांनी तो निर्णय मागेही घेतला. त्या आठवड्यात सगळ्या वाहिन्यांवर भाकरीच होती. एक निवेदक समजावून सांगत होता, 'भाकरी फिरवली नाही तर करपते.' आमच्या सासूबाई तेव्हा नव्वदीच्या, माहेर सिन्नरकडचं, सगळा जन्म बाजरीवर गेलेला. टीव्हीकडे बघत म्हणाल्या, 'अगं, यानं जन्मात भाकरी केलेली नाही.'

म्हटलं, 'का हो आई?'

'करपायची गोष्ट फार नंतरची. भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाणी फिरवतो की नाही? ते पाणी सुकत आलं की लगेच उलटायची. थांबलीस तर वरचा पापुद्रा वाळतो, तडे जातात. मग ती फुगत नाही. तडा गेलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटत नाही, वाफ कोंडत नाही. आणि घाई केलीस तर ओलं पीठ तव्याला धरतं.'

म्हणजे वेळ ठरते ती जाळानं नाही, पाण्यानं. खालच्या बाजूला काय होतंय ते दिसत नसतं, म्हणून वरच्या बाजूवर नजर ठेवायची. ज्यांनी फक्त ताटातली भाकरी पाहिली त्यांना करपल्याचा डाग तेवढा माहीत. तडा कधी गेला ते चुलीपुढच्या बाईला माहीत. राजकारणातल्या कुणाला यातून काही घ्यायचं असेल तर सासूबाईंचं नाव न सांगता घ्यावं.

सासूबाईंनीच मला 'उखळ पांढरं होणे' समजावलं. मी शिकवायचे, भरभराट होणे. त्या म्हणाल्या, 'आमचं उखळ काळंच. बाजरी कांडली की कसलं पांढरं होतंय? इगतपुरीकडं भात. तिकडच्यांचं पांढरं.' इगतपुरीकडून सिन्नरकडे निघालं की एकाच जिल्ह्यात पाऊसही बदलतो आणि ताटही. ज्या घरी भात फक्त सणाला, त्या घराला पांढरं उखळ हीच श्रीमंती. गंमत अशी की इगतपुरीच्या भात लावणाऱ्या बाईला हा वाक्प्रचार सांगितला तर ती हसेल. तिचं उखळ दर वर्षी पांढरं होतं आणि घर आहे तसंच राहतं.

'ताकाला जाऊन भांडं लपवणे' याबद्दल एकच सांगते. ताक पूर्वी विकत नसत, ज्याच्याकडे दुभतं त्यानं शेजाऱ्याला द्यायचं. मागण्यात कमीपणा नव्हता. तरी भांडं पदराआड जायचं, कारण लाज ताकाची नसून आपल्या गोठ्याची असते. आज पिशवीतलं ताक मिळतं आणि भांडं लपवायची सोय गेली. पण मुलाच्या नोकरीसाठी कुणाकडे गेल्यावर अर्धा तास हवापाण्यावर बोलणारे वडील तुम्ही पाहिले असतील. ते भांडंच आहे.

मी बरीच वर्षं नाशिकरोडच्या मुलांना शिकवलं. तिथली गंमत इतर कुठे शिकवताना मिळाली नसती. महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात मुलानं सहलीचे पैसे मागितले की बाप ओरडतो, 'मी काय नोटा छापतो?' नाशिकरोडला १९२५ पासून प्रतिभूती मुद्रणालय आहे आणि १९२८ पासून नोटांचा छापखाना. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील, आजोबा प्रेसमध्ये. एकानं निबंधात लिहिलं होतं, 'बाबा म्हणाले, मी काय नोटा छापतो? मग ते एकदम थांबले आणि आई हसू लागली.' हा निबंध मी सरांना दाखवला. सर हसले नाहीत. म्हणाले, 'दिवसभर नोटा मोजायच्या आणि वीस तारखेला उसने मागायचे, हे त्या घराला शब्दशः माहीत आहे.' प्रेसच्या दारातून बाहेर पडताना झडती द्यावी लागते. हातातून गेलेल्या नोटा आणि हातात राहिलेल्या नोटा यांतला फरक तिथल्या माणसाइतका कुणालाच कळत नाही.

हातावरून आठवलं, 'हातावर पोट असणे'. या शब्दांकडे नीट बघा, फार विचित्र चित्र आहे. पोट शरीराच्या मध्यावर असतं, ते उचलून तळहातावर ठेवलंय. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या भागांतून माणसं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीला येतात, उन्हाळ्यात खरड छाटणीला, पावसाळा सरताना गोडी छाटणीला. त्यातल्या एका कुटुंबाची मुलगी आमच्या वर्गात होती. तिनं वाक्य लिहिलं, 'आईच्या बोटाला कात्री लागली त्या आठवड्यात आमचे हातावरचे पोट दुखले.' व्याकरणाच्या, परीक्षेच्या दृष्टीनं वाक्य गडबडलेलं. दोन वाक्प्रचारांची मोडतोड. मी दोन पैकी दोन दिले आणि घोंगड्याचे राहिलेले दोन मनातल्या मनात आणखी दिले, पण ते चुकीच्या मुलाला गेले होते.

आमचा स्वतःचा, म्हणजे शिक्षकांचा आवडता वाक्प्रचार 'पदरमोड'. खडू नाही, पदरमोड करा. बक्षिसं आणायची, पदरमोड करा. पूर्वी बायका पैसे पदराच्या टोकाला गाठीत बांधत. गाठ सोडली की पैसे गेले. शेजारी येवल्याला ज्या पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा सगळा डौल पदरात. तशा पदराला गाठ मारायची कुणाची छाती होणार नाही. तेव्हा पदरमोड हा सुती लुगड्याचाच वाक्प्रचार. खर्च नेहमी त्याच पदरानं केलाय.

काही वाक्प्रचार मी शिकवायचे बंद केले, तेही सांगून टाकते. 'हातात बांगड्या भरणे' म्हणजे भित्रेपणा. फळ्यावर हे लिहीत असताना माझ्याच बांगड्या वाजल्या आणि पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, 'बाई, तुम्ही भित्र्या आहात?' वर्ग हसला, मीही हसले, पण खडू तिथेच थांबला. कासार बांगड्या भरतो तेव्हा हात आवळून, चेपून, कधी रक्त काढून भरतो आणि बाई 'आई गं' म्हणत हात मागे घेत नाही. शब्दशः पाहिलं तर त्यात धीरच आहे. मग अर्थ उलटा कुणी केला? ज्यांनी कधी हात पुढे केला नाही त्यांनीच केला असणार. 'वांझोटी चर्चा' हा शब्दही अग्रलेखातून दिसला की मी पेनानं खोडते, वर्तमानपत्र माझं स्वतःचं असलं तर. सार्वजनिक वाचनालयातलं असेल तर मनातल्या मनात.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे. 'आवरतं घ्या' असं लिहिलंय. तेव्हा ज्याच्या नावावर तुम्हाला इथे बोलावलं ते घोडं राहून गेलं, त्याच्याकडे येते.

'गंगेत घोडं न्हालं' म्हणजे अवघड काम एकदाचं पार पडलं. कुणी याचा संबंध मराठ्यांच्या उत्तरेकडच्या स्वाऱ्यांशी लावतं, की दख्खनचं घोडं थेट गंगेपर्यंत पोचलं. असेलही. पण आपली गंगा इथेच आहे आणि आपली घोडी टांग्याची. माझ्या लहानपणी शहरात टांगे होते. एका म्हाताऱ्या टांगेवाल्यांना मी बऱ्याच वर्षांपूर्वी सरांच्या पद्धतीनं विचारलं, 'काका, घोडं न्हायला एवढं काय कठीण?'

म्हणाले, 'घोडं वाहत्या पाण्यात पाय घालत नाही, पोरी. तळ दिसत नाही ना त्याला. पुढून एकानं लगाम धरायचा, मागनं एकानं थोपटायचं. नुसतं ओढलं तर मागं सरतं, मारलं तर उधळतं. आधी आपण पाण्यात उतरायचं, कमरेपर्यंत. मग ते येतं. एकदा पोटाला पाणी लागलं की शांत उभं राहतं, मग कितीही घासा.'

म्हणजे इथेही दोन माणसं लागतातच. शिवाय काम संपतं ते न्हाऊन निघाल्यावर नाही, पोटाला पाणी लागल्यावर. पुढचं घासणं सोपं.

आणि आता मी गाशा गुंडाळते. गाशा म्हणजे खोगिरावर घालायचं कापड. सर असते तर त्यांनी चष्म्यावरून बघून विचारलं असतं, 'घोडं कुठाय?' ते खाली पाण्यात उभं आहे, सर. मागून थोपटायला ही सगळी मंडळी आली आहेत.